पिल्लू घरी आणण्यापूर्वी

मांजराचे पिल्लू पाळावे असे तुमच्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी वाटले असेल. काहींनी ते आणलेही असेल. शाळेतून येताना ते वाटेत दिसते, बुटाच्या खोक्यात घालून आपण ते घरी आणतो, आई थोडी रागावते आणि मग तीच बशीत दूध ओतते. झाले, घरात मांजर आले! या सगळ्याला फार तर अर्धा तास लागतो. माझे म्हणणे असे की, या कामाला निदान एक महिना लागला पाहिजे आणि ज्याला महिनाभर थांबणे जमणार नाही त्याने पिल्लू आणूच नये. हे मत कडक वाटेल. ते कसे बनले तेच या लेखात सांगणार आहे.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. भौतिकशास्त्रातले मांजर म्हटले की, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना श्रोडिंगर यांनी १९३५ साली कल्पिलेले खोक्यातील मांजर आठवते. ते एकाच वेळी जिवंतही होते आणि मेलेलेही. पण होते कागदावरचे, त्यामुळे त्याला काही सोसावे लागले नाही. माझ्या खोक्यातील मांजर खरे होते.

तेव्हा मी पाचवीत होतो. दिवाळीच्या सुटीत गावी गेलो, तर गोठ्याच्या माळ्यावर मांजरी व्याली होती. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते असे आजी सांगे. ती त्यांना दुसऱ्या घरी हलवण्याआधी आपण एक उचलावे, असा हिशेब करून मी त्यातले सर्वांत गोंडस पिल्लू खाली आणले. खोक्यात जुना पंचा घातला. कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले. रात्री ते ओरडत होते, तेव्हा त्याला भूक लागली असेल म्हणून आणखी पाजले. पहाटे चांगली थंडी पडे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्याच्या कोपऱ्यात गार होऊन पडलेले आढळले. ‘त्याचे आयुष्यच तेवढे,’ असे मोठी माणसे म्हणाली आणि मीही ते बरीच वर्षे खरे मानत आलो.

आता माझी मुलगी आठवीत आहे. आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराच्या कोठीत मांजरी व्याली, चार पिल्ले झाली आणि त्यातली दोन आपण आणायची असा ठराव तिने घरात मांडला. ठराव मंजूर झाला, पण मी त्याला एक उपसूचना जोडली: पिल्ले आठ आठवड्यांची झाल्याशिवाय आणायची नाहीत आणि तोपर्यंत घर तयार करायचे. आमच्या घरात याआधी मांजर कधीच नव्हते, म्हणजे आम्ही सगळे या विषयात पहिलीतलेच विद्यार्थी. पशुवैद्यांना विचारले, पुस्तके चाळली, आणि माझ्या त्या पिल्लाचा मृत्यू किती सरळ साध्या कारणांनी झाला होता ते पहिल्यांदा नीट कळले.

त्यातले पहिले कारण तर माझ्याच विषयातले निघाले. मांजराचे पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅम भरते आणि आठ आठवड्यांचे निरोगी पिल्लू साधारण ८०० ग्रॅम. वजन आठपट झाले. घनफळ आठपट झाले म्हणजे लांबी दुप्पट आणि पृष्ठभाग चौपट झाला. शरीरातील उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागावाटे. ती निर्माण होते मात्र शरीराच्या सर्व वस्तुमानात. म्हणजे दर ग्रॅममागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग आठ आठवड्यांत निम्म्यावर आला. आता तुमच्याशी तुलना करू. तुमचे वजन ५० किलोग्रॅम धरले, तर ते नवजात पिल्लाच्या ५०० पट होते. ५०० चे घनमूळ जवळजवळ ८. याचा अर्थ, ज्या थंडीत तुम्हाला स्वेटर लागतो त्या थंडीत त्या पिल्लाच्या दर ग्रॅम शरीरामागे तुमच्या आठपट पृष्ठभाग उघडा असतो. अंगावर लव असते हे खरे, पण लहान पिल्लाची लव विरळ असते आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची क्षमता पहिल्या आठवड्यांत त्याच्या अंगी आलेली नसते. हे गणित सुटते ते आईच्या कुशीत. चार पिल्ले एकमेकांना चिकटून पडली की त्यांचा मिळून एक मोठा गोळा होतो आणि उघडा पृष्ठभाग एकदम कमी होतो. मी त्या गोळ्यातून एक पिल्लू वेगळे काढले आणि एका पंचावर भागवले.

दुसरे कारण त्याहून बारीक आहे. शरीर गार पडले की पिल्लाच्या आतड्यांचे काम मंदावते. अशा पिल्लाला आधी ऊब द्यायची असते, दूध नंतर. मी नेमके उलट केले. शिवाय गाईच्या दुधात शेकडा सुमारे ३.३ भाग प्रथिने असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक. गाईचे दूध लहान पिल्लांना बहुधा सोसत नाही, हगवण लागते आणि एवढ्याशा शरीरातील पाणी भराभर निघून जाते. आणि सर्वांत मोठी गोष्ट मला माहीतच नव्हती. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन लघवीसुद्धा करता येत नाही. आई त्याच्या पोटाखाली चाटते तेव्हाच ती होते. माझे पिल्लू जेमतेम दोन आठवड्यांचे असणार. ते रात्रभर ज्यासाठी ओरडत होते ती भूक असेलच असे नाही.

म्हणून आठ आठवडे. हा आकडा कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. चौथ्या आठवड्याच्या आसपास पिल्लू मऊ अन्न चाटू लागते आणि आठव्यापर्यंत आईच्या दुधावाचून राहू शकते. पेटीत घाण करून ती झाकायची, सोबत्याला चावताना किती जोराने चावायचे हे सारे ते याच काळात आईजवळ आणि भावंडांत शिकते. एकट्या वाढलेल्या पिल्लाला आपले दात दुसऱ्याला लागतात हे कोणी शिकवलेलेच नसते. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत अशी आपल्याकडे म्हण आहे. पिल्लांचे दात मात्र सर्वांनाच लागतात. आम्ही एकाऐवजी दोन पिल्ले आणायचे ठरवले त्याचेही हेच कारण. त्यांची दंगामस्ती आपसांत चालते आणि आपले हातपाय वाचतात.

इथे एक चतुर विद्यार्थी विचारील, आठ आठवडे आईजवळच राहिले तर ते माणसाला बुजणार नाही का? प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात यावरच प्रयोग केले. पिल्लांना रोज ठराविक वेळ हाताळायचे आणि पुढे ती माणसाजवळ किती येतात, किती वेळ थांबतात ते मोजायचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. त्यातून असे दिसले की, दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ यासाठी फार मोलाचा असतो. या काळात ज्यांना माणसाचा हात लागला ती पिल्ले पुढे माणसाळलेली राहतात. यावर उपाय म्हणजे पिल्लाला लवकर उचलून न आणता आपण त्याच्याकडे जायचे. माझी मुलगी तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन दिवसांनी त्या कोठीत जाते, हात धुऊन चारही पिल्लांना मांडीवर घेते आणि दुकानाच्या काट्यावर त्यांची वजने करून वहीत लिहिते. वजनांचा आलेख तिने काढला आहे. तीन रेषा सरळ वर जातात. चौथी मध्ये चार दिवस आडवी झाली होती, तेव्हा दुकानदारांनी त्या पिल्लाला दवाखान्यात नेऊन आणले आणि आता तीही चढू लागली आहे. शिक्षकांना सुचवावेसे वाटते की, आलेख शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

एवढे वाचून कोणी मोठे माणूस म्हणेल, ‘अहो, पूर्वी कोण एवढे करत होते? आमच्या वाड्यात मांजरे दूधभातावर वाढली, कौलांवरून पडली, कसलीच लस टोचली नाही, तरी धडधाकट होती.’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण वाड्यातील धडधाकट मांजरे मीही पाहिली आहेत. पण त्यात हिशेबाची एक चूक आहे. ती चूक मांजरांपुरती नाही आणि शास्त्राच्या विद्यार्थ्याने ती ओळखायला शिकलेच पाहिजे. म्हणून जरा वळसा घेऊन सांगतो.

मांजर उंचावरून उलटे सोडले तरी पायांवर उतरते. हवेत असताना कशाचाही आधार नाही, ढकलायला काही नाही, एकूण कोनीय संवेग शून्य. तरी ते फिरते. फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मॅरे यांनी १८९४ साली पडणाऱ्या मांजराची लागोपाठ छायाचित्रे घेतली तेव्हा कुठे विद्वानांना ते पटले. मांजर कमरेत वाकून शरीराचे पुढचे आणि मागचे अर्ध वेगवेगळे फिरवते, हे त्यातले मर्म. असो. या कौशल्यावर विसंबून ‘मांजराला उंचीचे भय नाही’ असे सर्रास म्हटले जाते. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. १९८४ सालच्या पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे त्यांच्या रुग्णालयात आली होती. उपचार केलेल्यांपैकी शेकडा ९० वाचली. एवढेच नव्हे, तर सातव्या मजल्यापर्यंत उंचीबरोबर इजा वाढत गेल्या आणि त्याहून वरून पडलेल्या मांजरांत त्या कमी दिसल्या! याचे स्पष्टीकरणही मिळाले. पडणाऱ्या मांजराचा वेग हवेच्या विरोधामुळे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास स्थिर होतो. एकदा वेग वाढेनासा झाला की मांजर अंग सैल सोडते, पाय पसरते आणि धक्का वाटला जातो. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हा चमत्कार छापला.

आता थांबा आणि विचार करा. ही १३२ मांजरे कोणती? रुग्णालयात आणलेली. जे मांजर विसाव्या मजल्यावरून पडून जागच्या जागी मेले ते रुग्णालयात कोण नेईल? ते मोजणीत आलेच नाही. वरच्या मजल्यांवरून पडणाऱ्यांपैकी बरीच जर रस्त्यावरच मरत असतील, तर रुग्णालयात पोचलेली उरलेली मांजरे नशीबवानच दिसणार. वेग स्थिर होण्याचे भौतिकशास्त्र खरे आहे. पण त्या आकड्यांवरून ‘उंचावरून पडणे बरे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. मोजणीत काय आले याच्याबरोबर काय येऊ शकले नसेल हेही विचारावे लागते.

वाड्यातील मांजरांचे असेच आहे. आपल्याला आठवतात ती जगलेली. पावसाळ्यात माळ्यावर गार झालेली, हगवणीने गेलेली, पोत्यात घालून मासळीबाजारात सोडलेली पिल्ले कोणाच्या आठवणीत नसतात, कारण त्यांना नावेही ठेवलेली नव्हती. माझ्या पिल्लाचे नाव ठेवायचे राहिले होते. माझ्या आजीला विचारले असते, तर आमच्या घरी मांजरे ‘नेहमीच चांगली जगत’ असेच तिने सांगितले असते.

दूधभाताची गोष्टही तशीच. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला लागते; ते आपले शरीर बनवू शकते, मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसते. हे द्रव्य १८२७ साली प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे काढले, म्हणून त्याला बैलाच्या लॅटिन नावावरून हे नाव पडले. १९७५ साली के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, केसीन हे दुधातील प्रथिन हाच ज्यात प्रथिनांचा आधार आहे अशा आहारावर ठेवलेल्या मांजरांचे दृष्टिपटल झडत जाते आणि ती आंधळी होतात. याचे कारण टॉरिनचा अभाव. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातील पॉल पायन यांच्या गटाने मांजरांच्या एका हृदयविकाराचे मूळही त्यातच शोधले आणि त्यानंतर तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. मग वाड्यातील मांजर दूधभातावर कसे जगले? ते दूधभातावर जगलेच नाही. ते जगले उंदरांवर, पाली-चिमण्यांवर. उंदराच्या शरीरात टॉरिन भरपूर असते. आपण बशीत घातलेले आपल्याला दिसे, त्याने रात्री कोठीत मारलेले दिसत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत उंदीर नाही. तेथे दूधभात म्हणजे केवळ दूधभात.

हा प्रश्न शाकाहारी कुटुंबांना अडचणीचा आहे हे मी जाणतो. आमचे घर अर्धे शाकाहारी आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: मांजराला आपल्या व्रतात ओढू नये. मासे किंवा कोंबडी शिजवणे जमत नसेल, तर मांजरांसाठीचे संपूर्ण आहाराचे तयार खाद्य आणावे. तेही घरात चालत नसेल तर मांजर पाळू नये, ससा पाळावा. आणि घरी शिजवायचे असेल तर उकळलेले पाणी फेकू नये, कारण टॉरिन पाण्यात उतरते. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही घालायचे नाही; कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. वाढत्या पिल्लाला नुसते मासे-कोंबडी पुरत नाही, म्हणून पहिले वर्षभर पिल्लांचे तयार खाद्य मुख्य ठेवायचे असे आम्ही पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरवले. गोड काही देण्याचा तर प्रश्नच नाही. मांजराला गोड चव कळतच नाही; त्या चवीच्या ग्राहकाचे एक जनुक मांजरकुळात निकामी झाले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. तेव्हा पेढा तुम्हीच खा.

आता घराकडे वळू. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीच्या कठड्यापासून जमिनीपर्यंत साधारण ९ मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर जमिनीवर पोचतानाचा वेग सेकंदाला १३ मीटर, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर येतो. गणित तुम्ही स्वतः करून पाहा. रस्त्यावरच्या मोटारीने धडक द्यावी तसे ते आहे. पायांवर उतरले तरी जबडा, छाती आणि पाय मोडतात. पिल्लाची हवेत वळण्याची कला सहा-सात आठवड्यांपर्यंत तर पक्कीही झालेली नसते. म्हणून खिडक्यांना आणि गच्चीला जाळी. मच्छरदाणीची जाळी चालणार नाही, नखांनी फाटते, धातूची हवी. फट मोजायला मी टेबलटेनिसचा चेंडू घेतला, त्याचा व्यास ४ सेंटिमीटर. चेंडू जिथून जाईल तिथून पिल्लूही जाईल असे धरून आम्ही सगळे घर पालथे घातले. धुण्याच्या यंत्रामागची जागा, स्वयंपाकाच्या ओट्याखालची मोरीची भोके, दिवाणाखालची फळी... चेंडू सतरा ठिकाणांहून गेला.

औषधांचे कपाट बंद केले, आणि त्यामागे एक सुंदर पण भयंकर रसायनशास्त्र आहे. काही द्रव्यांना शर्करेपासून झालेले एक आम्ल जोडून ती शरीराबाहेर टाकण्याची सोय आपल्या यकृतात आहे. मांजराच्या यकृतात ती फार तोकडी आहे. त्यामुळे तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. पिल्लाला ताप आला म्हणून प्रेमाने अर्धी गोळी देणारी माणसे आहेत! फरशी पुसायचे फिनेलसारखे द्रव्यही त्याच कारणाने वाईट. मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि मग पाय चाटते. आम्ही साध्या साबणाच्या पाण्यावर आलो आहोत. कपाटातील डांबराच्या गोळ्या, शिवणाच्या पेटीतील सुईदोरा, रबरबँड, पतंगाचा मांजा हे सर्व डब्यांत गेले. दोऱ्याविषयी एवढेच लक्षात ठेवा की, मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकून टाकता येत नाही.

लसीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथे तुमच्याही जिवाचा प्रश्न आहे. पिल्लांना मारणारा पॅनल्यूकोपेनिया नावाचा एक विषाणुजन्य रोग आहे. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. ‘आमच्याकडे पिल्लू लाभत नाही’ असे काही घरांत म्हणतात. पहिले गेले, दुसरे आणले तेही गेले. लाभणे न लाभणे नव्हे, बहुतेक वेळा तोच विषाणू त्याच फरशीवर वाट पाहत असतो. अशा घरी ब्लीचच्या पाण्याने सफाई करून आणि लस पूर्ण झालेले मांजरच आणावे. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, सोळाव्या आठवड्यापर्यंत. तारखा पशुवैद्य लिहून देतात.

रेबीजची लस पिल्लाला साधारण बारा आठवड्यांनंतर देतात. त्यापूर्वी आणि रस्त्यावरच्या अनोळखी मांजराच्या बाबतीत नेहमीच, एक नियम पाठ करा. दात किंवा नख लागले, तर रक्त दिसले नाही तरी, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. रेबीजच्या विषाणूला मेदाचे वेष्टन असते, साबण ते विरघळवतो. हा सोपस्कार नाही, उपचाराचा पहिला भाग आहे. त्यावर हळद, चुना, तिखट काही भरायचे नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. जुलै १८८५ मध्ये पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला टोचून वाचवले, तेव्हापासून या रोगातून आधीच सुटण्याचा मार्ग माणसाकडे आहे. पण लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. मुले रागावतील म्हणून ओरखडा लपवतात. पालकांनो आणि शिक्षकांनो, मुलाने असा ओरखडा दाखवला तर त्याला त्या दिवशी एक शब्दही बोलू नका. बोलायचे ते पुढच्या आठवड्यात बोला.

आणि वाटेत एकटे पिल्लू दिसले की ते बेवारस आहे असे एकदम ठरवू नका. त्याची आई शिकारीला गेलेली असते किंवा पिल्ले एकेक करून हलवत असते. लांबून दोनचार तास पाहा. अंग कोरडे, पोट भरलेले आणि पिल्लू शांत असेल तर बहुधा आई आहे. गार, ओले, सतत ओरडणारे असेल तर आधी ऊब द्या आणि मग बशी शोधण्याऐवजी दवाखाना शोधा.

बाकीची तयारी सोपी आहे. एक पसरट पाटी, त्यात तीनचार सेंटिमीटर बारीक कोरडी वाळू, जेवणाच्या जागेपासून दूर. दोन पिल्लांना अशा तीन पाट्या असाव्यात म्हणतात, आम्ही दोनच केल्या आहेत, पाहू. पाण्याचे भांडे अन्नापासून वेगळे. पहिल्या आठवड्यात सारे घर मोकळे न देता एकच खोली द्यायची, तिथे लपायला आडवे खोके आणि त्यात कोठीतून आणलेले, आईच्या वासाचे गोणपाट. मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकू येतात, आपली धाव २० पर्यंत. तेव्हा कुकरच्या शिट्टीला ती दचकणार हे आम्ही गृहीत धरले आहे.

यात न बसणारी एक गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती विकत मिळत नाही. घरातील मांजर पंधरा वर्षे सहज जगते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. मांजर म्हातारे होईल तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची असेल आणि कुठल्या गावी असेल कोण जाणे. म्हणजे ‘मला मांजर हवे’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आईबाबांनी पंधरा वर्षे मांजर सांभाळावे’ असा होतो. हे आम्ही तिच्यासमोर बसून बोललो. सुटीत गावी जाताना कोणाकडे ठेवायचे, खर्च महिन्याला किती येईल, शस्त्रक्रिया कधी करायची, सारे वहीत लिहिले. शस्त्रक्रिया म्हणजे संततिनियमनाची. मादी पाच महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, वर्षात दोनदा. चारचार धरली तरी वर्षाला आठ. ती आठ कोणाच्या घरी जाणार? आमच्या ओळखीच्या सर्व घरांची यादी मुलीने केली, त्यात मांजर घ्यायला दोन घरे तयार निघाली. पोत्याचा आणि मासळीबाजाराचा रस्ता इथूनच सुरू होतो. तेव्हा सहा महिन्यांच्या आत दोघांचीही शस्त्रक्रिया, असे ठरले. पत्नीने खाली सही घेतली आहे, माझीसुद्धा.

आज पिल्ले चाळीस दिवसांची आहेत. अजून सोळा दिवस. सगळे तयार आहे अशी माझी समजूत होती. काल सकाळी पाहतो तर पाटीतील वाळू उकरलेली आणि वापरलेली! शेजारच्या वाडीतला पिवळा बोका रात्री येऊन गेला होता. तो आत कसा आला हे शोधताना स्वयंपाकघरातील खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या पाळीजवळ, वीतभर फट सापडली. तिथे चेंडू लावून पाहायचा राहिला होता. पाटी ब्लीचच्या पाण्याने धुतली, वाळू बदलली. जाळीवाला उद्या दहा वाजता येणार आहे.